न चमकणारा काळा

लाखेचं काम केलेली लाकडी भांडी आता प्रदर्शनात काचेच्या मागे दिसतात आणि माणसं त्यांच्यापुढे हळू आवाजात बोलतात. आमच्या वेळी ती आमच्या ओटीवर तुरीच्या पोत्याला टेकून पडलेली असायची. त्या कामावर मी काही लिहावं असं या अंकाच्या मंडळींचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, आमचे हे असते तर त्यांनी सांगितलं असतं, दुकान त्यांचं होतं. तर म्हणाले, रंग तर तुम्ही द्यायचात ना? हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. पनवेलीत ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती.

माझं माहेर आपट्याचं. वडील रंगारी. पाताळगंगेच्या काठी आमच्या चुली आणि रांजण असायचे, आणि नदीवर वाळत घातलेली लुगडी लांबून शेतासारखी दिसायची. हातपाय कायम कुठल्या तरी रंगाचे. लग्न होऊन पनवेलीला आले तेव्हा नखांत निळीची रेघ होती; सासरच्या बायकांनी ती हळदीनं घासून पाहिली आणि नाद सोडला.

घर कातारी. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन खुंटांच्या मध्ये लाकूड आडवं धरतात आणि त्याला दोरीचा वेढा देतात. एकानं दोरी आळीपाळीनं ओढायची, म्हणजे लाकूड गरगर फिरतं. दुसऱ्यानं त्यावर पटाशी धरायची, म्हणजे ते गोल कातलं जातं. लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, करंडे, वाडगे, सगळं याच रीतीनं. आमच्याकडे हे पटाशी धरायचे आणि मी दोरी ओढायची. लग्नानंतर आमचं पहिलं बोलणं या दोरीवरच झालं असं म्हणायला हरकत नाही. "सावकाश," ते म्हणायचे. "आता जोरात." एवढंच.

रंग लाखेचा. लाख वितळवून त्यात रंग घोटायचा आणि त्याच्या बोटभर कांड्या करायच्या. लाल रंगाला हिंगूळ, पिवळ्याला हरताळ, निळीत हरताळ घातला की हिरवा, आणि काळ्याला दिव्याची काजळी. फिरत्या लाकडावर कांडी दाबून धरली की घासणीनं ऊब येते, लाख पातळ होते आणि लाकडावर चढते. मग वाळक्या केवड्याच्या पानानं रगडलं की तोंड दिसेल अशी चकाकी. या चकाकीवर कातारी ओळखतात. अशा भांड्यात सुपारी ठेवा, हळदकुंकू ठेवा, पण जेवायचं नाही. हिंगूळ आणि हरताळ म्हणजे विषच.

आमच्या ह्यांची कांड्या ठेवायची लाकडी परात होती. तीत कांड्या ठरलेल्या जागी असत, डावीकडून लाल, पिवळी, हिरवी, निळी, काळी. सासूबाई होत्या तोवर त्या लावून द्यायच्या. त्या गेल्यावर हे स्वतः लावत, आणि दुसऱ्या कुणी परातीला हात लावलेला त्यांना खपत नसे. मला वाटायचं, कारागिराचा नखरा.

एके दिवशी परातीखालची खुंटी भिंतीतून निसटली आणि कांड्या घरभर झाल्या. हे बाजारात गेले होते. मी कांड्या गोळा केल्या आणि खुंटी ठोकून परात परत वर ठेवली. कांड्या मात्र मला बऱ्या दिसतील अशा लावल्या, हिरवी पहिली, लाल मधोमध.

त्याच आठवड्यात मोहल्ल्यातल्या जैनबचाचींचं काम होतं. मुलीच्या लग्नात मेंदी ठेवायला पाच वाडगे, हिरवेगार. घरात पाहुणे आल्यामुळे दोरीला ह्यांनी शेजारचा माणूस घेतला होता. संध्याकाळी मी ओटीवर आले तेव्हा पाचही वाडगे ओळीनं मांडलेले, रगडून लखलखीत, लालभडक. हे केवड्याचं पान हातात घेऊन बसलेले, तोंडावर समाधान.

"हिरवा कसा बसलाय बघ," ते म्हणाले.

मला थट्टा वाटली, मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी एक वाडगा उचलला, दाराशी उजेडात नेला, उलटासुलटा केला आणि तिथेच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "लाल आहे का?"

मी हो म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. पिकली मिरची आणि कच्ची मिरची त्यांना एकाच रंगाची दिसत होती. आंब्याला मोहोरानंतर येणारी कोवळी तांबडी पालवी लोक बघत बसतात, त्यात बघण्यासारखं काय ते त्यांना कधी कळलं नव्हतं. आईला ठाऊक होतं, वडिलांनाही नव्हतं. कातारी माणसाला रंग कळत नाही म्हटल्यावर दारात कोण उभं राहणार? म्हणून ती परात, म्हणून त्या जागा. ते खाली बसून बोलत होते आणि हातातला वाडगा पुसत होते, पुसायला काही नसताना.

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, रंग मी देत जाईन, दोरी तुम्ही ओढा. त्यांनी वाडगा खाली ठेवला. मग म्हणाले, "तू ओढतेस तशी मला नाही जमायची." तेव्हा मला कळलं की त्यांना हायसं वाटलंय.

लग्न दोन दिवसांवर होतं, नवे वाडगे होणं शक्य नव्हतं. मी स्वतः ते लाल वाडगे घेऊन जैनबचाचींकडे गेले आणि कांड्यांची अदलाबदल झाल्याचं सांगितलं. कुणाच्या हातून ते सांगितलं नाही. त्यांनी वाडगे एकेक करून चटईवर मांडले, पाहिले आणि म्हणाल्या, "बेटी, मेंदी भिजवतो हिरवी, पन खुलते लालच. राहू दे. मी सगळ्यांना सांगीन, मुद्दाम केलेत." आणि त्यांनी तसं खरंच सांगितलं असावं. पुढे मोहल्ल्यातून मेंदीसाठी लाल वाडगेच मागायला यायचे.

तेव्हापासून ओटीवर गिऱ्हाईक असलं की हे दिसत, आणि रंगाच्या वेळी दार लोटलेलं असे. ते दोरी ओढायचे, मी कांडी धरायची. सुरुवातीला दोरीला फार हिसके बसायचे. मग मीच म्हणायला लागले, सावकाश, आता जोरात.

वडिलांकडे कापडावर जे करता येत नव्हतं ते लाकडावर करता यायचं. मला वेडच लागलं. पिवळ्यावर लाल चढवायचा, त्यावर काळा, आणि मग पटाशीच्या टोकानं कमीजास्त खरवडायचं, म्हणजे खालचे रंग वळ्यावळ्यांनी वर येतात. दोन कांड्या एकत्र धरून दाबल्या की एकमेकांत शिरलेले रंग येतात, पाऊस उघडल्यावरच्या ढगांसारखे. शिवणीच्या लाकडावर वेगळे, हेदीवर वेगळे. दहा बिघडायचे तेव्हा एक साधायचा. बिघडलेले वाडगे हे मुकाट्यानं पुन्हा कातून कोरे करून द्यायचे. भांडं दर वेळी थोडं लहान व्हायचं. एक वाडगा असा लहान होत होत शेवटी कुंकवाचा करंडा झाला, तो मी अजून वापरते. लोक यायचे आणि ह्यांना म्हणायचे, रामभाऊ, रंगाचा हात तुमचाच. हे खाली बघायचे. मला आत वाईट वाटायचं आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही एकदमच. त्याची मला पुढे सवय झाली.

आता धर्मादादाचं सांगते. हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

धर्मादादा गव्हाणचा, मिठागरावर काम करणारा. मिठाच्या गाड्यांबरोबर पनवेलच्या बाजारात यायचा. गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची ही गोष्ट. एके दिवशी दुपारी तो ओटीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. काळासावळा, पन्नाशीचा माणूस, पायाच्या भेगांत मीठ. त्यानं ह्यांना विचारलं, आतून काळा असा वाडगा मिळेल का? हे म्हणाले, बाहेरून काळा करू, आत लाल शोभेल. तो म्हणाला, शोभेचं काम नाय, भाताचं हाय.

मग बसवून पाणी दिलं तेव्हा त्यानं सांगितलं. बायको नागीबाय. लग्नापासून दोघांनी एकाच मिठागरावर काम केलं होतं. उन्हाळाभर पांढऱ्या मिठावरचं ऊन डोळ्यांत घेतलं. आता तिची नजर पार मंदावली होती. आपल्या पनवेलच्या डॉक्टरांनी डोळे पाहून मान हलवली होती. घरात वावरता येत होतं, दारातला माणूस सावलीसारखा दिसत होता. पण जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटात जेवायला बसली की पंचाईत.

"तिला भात दिसत नाय, वयनी," तो म्हणाला. "जर्मनचा ताट पांढरा, भात पांढरा. हात फिरवतं. भात बाहेर सांडतं. मंग लाजतं. आता मानसांसमोर जेवतच नाय. मी भरवतो म्हटला तर तोंड फिरवतं."

काळ्या वाडग्याची गोष्ट त्याची त्यानंच शोधून काढली होती. एकदा मिठागराच्या बांधावर, काळ्या चिखलात, सांडलेलं मीठ नागीबायनं वाकून बरोबर उचललं होतं. त्यानं ते पाहिलं, दुसऱ्या दिवशी मुद्दाम थोडं सांडलं आणि तिनं तेही उचललं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की काळ्यावरचं पांढरं तिला अजून दिसतं.

आम्ही वाडगा केला. काजळीची लाख विषारी नाही म्हणून तीच वापरली. मी आतून दोनदा लाख चढवली आणि केवड्याच्या पानानं रगडून अशी चकाकी आणली की हे म्हणाले, विहिरीत डोकावल्यासारखं वाटतंय. धर्मादादा तो धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेऊन गेला.

पुढच्या बाजाराला तो परत आला तेव्हा वाडगा त्याच सोग्यात होता. त्यानं तो ओटीवर ठेवला. तक्रार केली नाही, मलाच बघायला सांगितलं. आतली लाख ठिकठिकाणी भुरी झालेली, तळाशी शितं रुतून बसलेली. गरम भातानं लाख मऊ पडली होती. लाखेला चढायला ऊब लागते आणि ऊबच तिला वितळवते, हे मला कळायला हवं होतं. पण त्याहून वाईट त्यानं पुढे सांगितलं. नागीबाय काही न बोलता रोज त्यातच जेवत होती, नवऱ्यानं एवढं आणलंय म्हणून. तिची बोटं काळी झालेली त्यानं पाहिली तेव्हा त्याला समजलं. आणि दारातून आलेला उजेड वाडग्याच्या आत चमकायचा, तो तिला शीत वाटायचा. ती बोटांनी उजेड वेचत बसायची.

माझ्या चकाकीचा असा उपयोग झाला होता.

हे इतका वेळ पटाशीला धार लावत होते. त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि परक्या माणसापुढे पहिल्यांदाच म्हणाले, "धर्मादादा, मला लाल-हिरवं कळत नाही. रंग ही देते, मी नाही."

धर्मादादानं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग तुमाला तिचं कलंल." आणि वाडगा तिथेच ठेवून गेला.

लाख तर चालणार नव्हती. मला वडिलांचा काळा आठवला. कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, आणि गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून त्या पाण्यात ते कापड बुडवायचं. दोन्ही पाणी एकमेकांना भेटलं की कापड डोळ्यांदेखत काळं होतं. कापडावर होतं तर लाकडावर का नाही? पनवेलीत लोखंडाला तोटा नव्हता. गाड्यांची चाकं करणाऱ्यांकडून मोडक्या धावांचे तुकडे आणले, म्हणजे चाकावर चढवतात त्या लोखंडी पट्ट्या, आणि मडक्यात आंबत घातले. त्या वासानं शेजारणीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ते थेट संक्रांतीला सुरू केलं.

पहिला वाडगा राखाडी झाला. दुसऱ्याचे तंतू पाण्यानं उभे राहून आतला भाग दाढीसारखा खरखरीत झाला. मग हिरडा उकळून दाट केला, आधी लाकूड ओलं करून तंतू उभे राहू द्यायचे, ते वाळल्यावर घासायचे आणि मग रंग, अशी रीत बसवली. तेव्हा काळे यायला लागले, पण दर वेळचा काळा वेगळा. एक जांभळट आला, वांग्याच्या सालीसारखा. मी त्याच्या प्रेमातच पडले. ह्यांना म्हटलं, हाच.

ह्यांनी सगळे वाडगे अंगणात मांडले, प्रत्येकात चिमूटभर भात टाकला, लांब जाऊन उभे राहिले आणि डोळे बारीक केले. मग पुढे येऊन माझा आवडता बाजूला सारला. म्हणाले, "हा काळा नाही. यात भात विझतो." आणि कोपऱ्यातला एक उचलला, मला मळकट वाटलेला. "यात उठून दिसतो."

मी डोळे बारीक करून पाहिलं. मला अजून जांभळाच दिसत होता, रंगच आडवा येत होता. त्यांना तो दिसतच नव्हता. त्या काळ्यात त्यांना फक्त अंधार आणि उजेड दिसत होता, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांना पहिल्यांदा मानलं. तोंडानं म्हटलं नाही. संध्याकाळी वालाची उसळ केली, त्यांना आवडायची ती.

एवढ्यावर भागलं नाही. आगरी घरात कालवणात आंबट असणारच. आम्ही आमसुलाचं पाणी घालून पाहिलं तर काळ्यावर पिवळे डाग पडले. आंबट त्या काळ्याला खातं. मग जवसाचं तेल गरम करून पाजलं, उन्हात वाळवलं, पुन्हा पाजलं. प्रत्येक वेळी वर राहिलेलं तेल फडक्यानं पुसून काढायचं, नाहीतर पुन्हा चमक येते. आयुष्यभर चमक आणायला शिकले आणि आता ती मारायला शिकत होते. तेलाचा वास जाऊन आमसुलाचं पाणी नुसतं थेंब होऊन घरंगळायला लागलं तेव्हा थांबलो.

ह्यांनी वाडग्याचा तळ जड ठेवला होता, हात लागून कलंडू नये म्हणून, आणि कड किंचित आत वळवली होती, म्हणजे भात लोटला की तिथे गोळा होईल. कडेचं बोटभर लाकूड मी रंगवलंच नाही. शिवणीचं ते फिकट कडं काळ्याभोवती राहिलं, म्हणजे भांडं कुठे संपतं ते तिला कळावं.

धर्मादादा येईपर्यंत थांबायचा धीर आम्हाला नव्हता. मीठ टाकून परत निघालेल्या एका रिकाम्या गाडीत बसून आम्ही गव्हाणला गेलो. घर खाडीकडे तोंड करून होतं. नागीबाय दारात बसली होती, अंगानं बारीक, डोक्यावरचा पदर नीट. आम्ही कोण ते धर्मादादानं सांगितलं. ती उठली आणि तिनं भात टाकला. जेवल्याशिवाय सोडायची तिच्याकडे रीत नव्हती.

पानं मांडली. ती भिंतीकडे तोंड करून बसली, नंतर जेवीन म्हणाली. धर्मादादानं तिच्यापुढे नवा वाडगा ठेवला, त्यात गरम भात वाढला आणि भाताशेजारी बोंबलाचं कालवण. मग तो आपल्या ताटावर बसला. आम्हीही मान खाली घालून जेवायला लागलो. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मी बघत होते.

ती वाकली. आधी बोटानं कड चाचपली. मग हात थांबला. ती वाडग्यात बघत राहिली, भात निवेल इतका वेळ. मग तिनं एक घास घेतला, सरळ, भाताच्या मधोमध हात घालून. दुसरा घेतला. कालवण भातावर ओढलं. शेवटी वाडग्याच्या उतारावर एक शीत चिकटून राहिलं होतं. माझा जीव त्या शितात अडकला. तिनं ते दोन बोटांनी उचललं आणि तोंडात टाकलं.

जेवता जेवता तिचं तोंड केव्हा आमच्याकडे वळलं ते मलाही कळलं नाही.

हात धुतल्यावर तिनं वाडगा कुणाला विसळू दिला नाही. स्वतः धुतला, पदरानं कोरडा केला आणि मांडीवर घेऊन बसली. ह्यांनी विचारलं, काही कमीजास्त करायचं आहे का?

"वाडगा चांगला हाय," ती म्हणाली. "पन आजून एक करा. यांच्यासाठी. मी यात आनि ते ताटात, आसं बरं नाय दिसत."

धर्मादादा म्हणाला, मना कशाला, माजे डोले धड हायत. तिनं त्याचं ऐकलंच नाही.

पुढे स्टील आलं, मग प्लास्टिक आलं, आणि आमचं काम मागे पडत गेलं. मुलगा नोकरीला लागला आणि ते बरंच झालं. ढगांच्या रंगाचे माझे वाडगे कुणाकुणाच्या घरी गेले, आता कुठे असतील ठाऊक नाही. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. रुखरुख वाटते, नाही असं नाही. हे गेल्यावर दोन-तीन वर्षं मी कांडीला हात लावला नाही. दोरी ओढायला माणूस मिळाला असता, पण सावकाश म्हटलं की सावकाश ओढणारा मिळणं अवघड.

दुसरा वाडगा मात्र आम्ही लगेच केला. ह्यांनी तो त्याच ओंडक्याच्या उरलेल्या अर्ध्या भागातून कातला, तेवढाच जड, तशाच आत वळलेल्या कडेचा. मी तोच काळा दिला, तेवढंच तेल पाजलं. घेऊन गेलो तेव्हा दुपार होती. नागीबायनं दोन्ही वाडगे हातात घेऊन तोलले, बोटांनी कडा मोजल्यासारख्या फिरवल्या आणि जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. मग चुलीवरचा भात उतरवला आणि आधी धर्मादादाच्या वाडग्यात वाढला, मग आपल्या. एकही शीत बाहेर पडलं नाही.

"बसा," ती त्याला म्हणाली.

धर्मादादा बसला.